मंडळाचा माणूस आणि नाक्यावरचा माणूस

रोजगारातली प्रादेशिक विषमता म्हटलं की आपण नकाशा काढतो: मुंबई-पुणे पुढे, मराठवाडा-विदर्भ मागे. आज मात्र तो नकाशा जुईनगरमधूनच बघू.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांची जमीन संपादित होऊ लागली. इथल्या आगरी-कोळी माणसाची भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी आक्रसली. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार होऊन पाच आंदोलक मारले गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. म्हणजे भूमिपुत्राला भूखंड मिळाला. काम मात्र ज्याचं त्यानं शोधायचं.

आता ट्रान्स-हार्बरवरच्या शेजारच्या स्टेशनावर, तुर्भ्याला चला. १९८० च्या दशकापासून मुंबईचा घाऊक बाजार टप्प्याटप्प्यानं तिथे आला आणि माथाडीही आले. त्यातले पुष्कळ साताऱ्याकडचे, कोरडवाहू शेती सोडून आलेले. माथाडीची अडचण काय होती? आज या व्यापाऱ्याचं पोतं, उद्या त्याचं. मालकच एक नाही, मग रजा, भविष्य निर्वाह निधी, दवाखाना कोण देणार? अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेच्या लढ्यानंतर १९६९ चा माथाडी कायदा झाला. मजूर आणि व्यापारी यांच्यामध्ये मंडळ आलं. व्यापाऱ्यानं मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळानं मजुराला द्यायची. मालक बदलला तरी हक्क बदलत नाही.

आणि नवी मुंबईच्या नाक्यांवर सकाळी उभा असलेला मराठवाड्यातला बांधकाम मजूर? त्याचीही अडचण अगदी तीच. रोज नवा मालक. त्याच्यासाठी १९९६ मध्ये केंद्राचा कायदा झाला, पण लाभासाठी नोंदणी करायची तर मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेलं असलं पाहिजे. आता बघा, नव्वद दिवसांत पन्नास मालक असतील, तर ते सिद्ध कसं करायचं?

दोघंही दुष्काळी भागातले, दोघंही अंगमेहनतीचे. फरक पडला तो गावाच्या नावामुळे नाही. एकाला संघटना आणि मंडळ मिळालं, दुसऱ्याला दाखला आणायला सांगितलं. म्हणून मागास भागात कारखाने न्या, ही मागणी रास्तच आहे. पण तिथून निघून जो आपल्या नाक्यावर उभा राहिला, त्याच्या मजुरीची नोंद कोण ठेवणार, हेही विचारलं पाहिजे. १९६९ मध्ये या राज्यानं त्याचं उत्तर एकदा दिलेलं आहे.