कोंड्यातले धन
भिलाई म्हणताच 1959 साली पेटलेली पोलादाची भट्टी आठवते. परंतु भोवतालचा छत्तीसगड हा भाताचा मुलूख आहे. तेथे दर हंगामात पेंढा आणि कोंडा उरतो. त्याचे करावे काय, याचे एक उत्तर इतिहासात आहे. 1894 साली जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवून, पिष्टाची साखर करणाऱ्या विकराचे, म्हणजे एन्झाइमचे, अमेरिकेत एकस्व मिळविले. पुढे दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर सैन्याचे सुती कापड कुजविणारी बुरशी आढळली. तीही पेंढ्यावर पोसता येते. तिची विकरे आज कापडगिरण्यांना उपयोगी पडतात. पोलादाला प्रखर आच लागते; बुरशीला ओल आणि ऊब पुरते. ज्या पेंढ्याला आपण काडी लावतो, तो एका उद्योगाचा कच्चा माल आहे.