ग्वाटेमाला : स्वस्तात फिरायचं, पण घासाघीस कुठे करायची नाही?

मेक्सिकोच्या दक्षिणेला लागून असलेला ग्वाटेमाला हा मध्य अमेरिकेतला देश. 2018 च्या जनगणनेत इथल्या चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांनी स्वतःची नोंद माया म्हणून केली. स्पॅनिश ही राजभाषा असली तरी किचे, माम, काक्चिकेल, केकची अशा वीसहून अधिक माया भाषा आजही घराघरात बोलल्या जातात. एकाच बाजारात मराठी, कन्नड, कोकणी ऐकणाऱ्या आपल्या भागातल्या माणसाला हे वातावरण परकं वाटणार नाही.

मोठा खर्च प्रवासाचा

भारतातून थेट विमान नाही. माद्रिद, मेक्सिको किंवा अमेरिकेमार्गे जावं लागतं. अमेरिकेत फक्त विमान बदलायचं असलं तरी तिथला व्हिसा लागतो, हे तिकीट काढण्यापूर्वी लक्षात घ्या. ग्वाटेमालाच्या व्हिसाचे चालू नियम दिल्लीतील त्यांच्या दूतावासाकडून विचारून घ्यावेत. ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वा या चार देशांत मिळून 90 दिवसांची मुदत धरली जाते. तिकीटच महाग असल्याने आठवड्यात धावतपळत येण्यापेक्षा तीन-चार आठवडे राहणं परवडतं.

चलन केत्साल. एका डॉलरला साधारण पावणेआठ केत्साल मिळतात. खेड्यात कार्ड चालत नाही, सुट्टे पैसे जवळ ठेवा.

कुठे वाचवाल?

बस : अमेरिकेतल्या जुन्या शालेय बस रंगवून इथे चालवतात. स्थानिक लोक त्यांना 'कामियोनेता' म्हणतात, परदेशी प्रवासी 'चिकन बस'. भाडं अगदी कमी. बॅग टपावर जाते. चढण्याआधी शेजारच्या प्रवाशाला भाडं विचारून घ्या. पाकीट सांभाळा आणि अंधार पडल्यावर या बसने जाऊ नका.

जेवण : 'कोमेदोर' म्हणजे आपली खानावळ. दुपारचं ठरलेलं ताट तिथे स्वस्तात मिळतं. मक्याच्या तोर्तिया, काळ्या घेवड्याची उसळ, तळलेली केळी, अंडी. तोर्तियासाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात. शाकाहारी असाल तर 'नो कोमो कार्ने, नी पोयो' (मांस खात नाही, कोंबडीही नाही) असं स्पष्ट सांगा. तरी उसळीत डुकराची चरबी असू शकते. नळाचं पाणी पिऊ नका.

मुक्काम : अँटिग्वा आणि केत्सालतेनांगो इथे स्पॅनिश शिकवणाऱ्या शाळा आहेत. एकास एक शिकवणी आणि एखाद्या कुटुंबात राहणं-जेवण, असा आठवड्याचा हिशेब हॉटेलपेक्षा बरेचदा स्वस्त पडतो.

काय पाहाल?

अँटिग्वा : 1773 च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेली जुनी राजधानी. पडकी चर्चं अजून उभी आहेत. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात रस्त्यांवर रंगीत भुशाचे रांगोळीसारखे गालिचे घालतात. त्या दिवसांत खोल्यांचे दर मात्र चढतात.

आतितलान : तीन ज्वालामुखींच्या पायथ्याचं सरोवर. काठावरच्या गावांना लाँचने जाता येतं.

तिकाल : उत्तरेच्या जंगलातलं माया नगर. फ्लोरेस गावात मुक्काम करून सकाळी लवकर निघावं. परदेशी पर्यटकांना तिकीट स्थानिकांपेक्षा कितीतरी जास्त.

चिचिकास्तेनांगो : गुरुवार आणि रविवारचा बाजार.

हवामान : नोव्हेंबर ते एप्रिल कोरडे दिवस. डोंगराळ भागात रात्री थंडी असते, स्वेटर न्या.

कुठे वाचवू नये?

बाजारात दिसणारा 'उइपिल' म्हणजे माया स्त्रियांचा विणलेला झगा. कमरेला बांधायच्या मागावर तो विणायला कित्येक आठवडे, कधी महिनेही जातात. नक्षीवरून बाईचं गाव ओळखू येतं. हेच नमुने यंत्रावर छापून विकले जाऊ लागले, तेव्हा विणकर महिलांनी आपल्या नक्षीवर सामूहिक हक्क मिळावा म्हणून 2016 मध्ये देशाच्या संवैधानिक न्यायालयात दाद मागितली. इचलकरंजीचा यंत्रमाग आणि येवल्याचा हातमाग यांतला फरक ज्याला ठाऊक आहे, त्याला वेगळं समजावायला नको. स्वस्त आठवण हवी असेल तर छापील कापड घ्या. हाताने विणलेलं घ्यायचं असेल तर शक्यतो विणणारीकडूनच घ्या आणि दर निम्म्यावर आणू नका.

गाईडच्या पैशातही काटकसर नको. 3,976 मीटर उंच आकातेनांगोवर थंडी आणि विरळ हवा त्रास देते. शेजारचा फुएगो ज्वालामुखी सतत धगधगतो; 2018 च्या त्याच्या उद्रेकात पायथ्याची वस्ती गाडली गेली.

स्पॅनिशमध्ये 'ग्रासियास' सगळेच म्हणतात. चिचिकास्तेनांगोच्या बाजारात मात्र किचे भाषेतलं 'माल्त्योश' म्हणा. अर्थ तोच, धन्यवाद. पण तो त्यांच्या घरच्या भाषेत.