धुराड्यांचे ऋण : डिलाईल रोड आणि तापणारी पृथ्वी

इतिहासात कधी कधी दोन घटना एकाच वर्षी घडतात. परस्परांचा त्यांना पत्ताही नसतो. परंतु पुढे दीडशे वर्षांनी मागे वळून पाहताना त्या एकाच कथेचे दोन पदर असल्याचे ध्यानात येते. १८५६ हे असे वर्ष आहे. त्या वर्षी कावसजी नानाभाई दावर यांनी उभारलेली, वाफेवर चालणारी मुंबईतील पहिली सूतगिरणी ताडदेव येथे सुरू झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतील ऑल्बनी शहरी भरलेल्या शास्त्रज्ञांच्या सभेत युनिस फूट नावाच्या विदुषीचा एक छोटा निबंध वाचला गेला. काचेच्या दोन नळ्या तिने उन्हात ठेवल्या होत्या. ज्या नळीत कार्बन डायऑक्साइड वायू भरला होता ती अधिक तापली आणि निवायलाही तिला अधिक वेळ लागला. वातावरणात हा वायू वाढला तर पृथ्वी अधिक उष्ण होईल, असे अनुमान तिने मांडले. १८५९ मध्ये लंडनला जॉन टिंडल यांनी काही वायू उष्णतेचे किरण शोषून घेतात हे प्रयोगाने दाखवले. अशा रीतीने मुंबईत गिरणीच्या बॉयलरखाली विस्तव पेटला आणि त्या विस्तवातून निघणाऱ्या वायूचे ज्ञान जन्मास आले, ते एकाच वर्षी.

जागतिक तापमानवाढीची कारणे कोणती, परिणाम कोणते आणि दोष कोणाचा, हा वाद आपल्याला ध्रुवप्रदेशातील बर्फाचा किंवा मोठ्या राष्ट्रांच्या परिषदांचा वाटतो. परंतु तो वाद आपल्या डिलाईल रोडच्या इतिहासाशी भिडवून पाहिला, तर त्यातील न्यायाचा प्रश्न अधिक स्पष्ट दिसू लागतो. तो तसा पाहावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबईत ऐंशीच्या घरात गिरण्या उभ्या होत्या. परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा आणि डिलाईल रोड हा सारा टापू गिरणगाव झाला होता. मुंबईच्या आसपास कोळशाची खाण नाही. हा कोळसा आरंभी विलायतेहून बोटींनी येई. पुढे पूर्व भारतातील राणीगंज आणि झरियाच्या खाणींतून आणि काही काळ दक्षिण आफ्रिकेतूनही येऊ लागला. तो जाळून पाण्याची वाफ होई, वाफेवर इंजिन फिरे आणि इंजिनावर साऱ्या गिरणीचे साचे चालत. कापड बाजारात जाई, नफा भागधारकांकडे जाई आणि काजळी गिरणीच्या भिंतीला लागून असलेल्या चाळींवर उतरे. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार भोंग्यावर उठे, त्याच हवेत श्वास घेई आणि त्याच हवेत झोपे.

या माणसांच्या वाट्याला विसावाही सहजासहजी आला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या अथक प्रयत्नांनंतर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य झाली. पुढच्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोवारुम’ हे कामगारांच्या प्रश्नावरील परिपत्रक प्रसृत केले. मजुरी हा केवळ बाजारातील सौदा नव्हे, तिला न्यायाचे बंधन आहे, हा त्याचा गाभा होता. लोखंडे सत्यशोधक, परमगुरू रोममध्ये; परंतु यंत्रयुगाने माणसाचे काय केले हा प्रश्न दोघांच्याही पुढे उभा होता.

धुराविरुद्ध ओरड झाली नाही असे नाही. १९१२ मध्ये मुंबईसाठी धूर-उपद्रव प्रतिबंधक कायदा झाला. भट्टी नीट पेटवावी, काळाकुट्ट दाट धूर सोडू नये, असा त्याचा रोख होता. त्या काळच्या दृष्टीने तो कायदा हितकारकच म्हटला पाहिजे. परंतु त्यातील एक मर्यादा आज लक्षात येते. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेला कोळसा. भट्टी सुधारली की काजळी कमी होते. पण कोळशातील कार्बन नाहीसा होत नाही. एक टन कार्बन पूर्ण जळाला की सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. काजळी पावसाने धुऊन जाते. या वायूचा बराचसा अंश मात्र शतकानुशतके वातावरणात राहतो. कायद्याने दिसणारा उपद्रव आवरला. न दिसणारा तसाच वर चढत राहिला.

त्यानंतर या कथेला एक वेगळे वळण मिळाले. जमशेटजी टाटा यांनी कल्पिलेला आणि त्यांच्या पश्चात पूर्ण झालेला जलविद्युत प्रकल्प १९१५ मध्ये कार्यान्वित झाला. लोणावळ्याच्या परिसरात अडवलेले पावसाचे पाणी पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून खोपोलीला उतरवून त्यावर वीज निर्माण होऊ लागली आणि ती तारांनी मुंबईच्या गिरण्यांना पोहोचू लागली. एकामागून एक गिरण्यांनी वाफेची इंजिने सोडली. आज ज्याला आपण स्वच्छ ऊर्जा म्हणतो, ती शंभर वर्षांपूर्वी गिरणगावात आली होती.

मात्र तिची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागली. वीज वाढवण्यासाठी मुळशी येथे धरण बांधायचे ठरले, तेव्हा सुमारे पन्नास गावांची भातशेती आणि घरे पाण्याखाली जाणार होती. १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. सेनापती बापट त्याचे नेते झाले आणि त्यांनी त्यासाठी तुरुंगवास भोगला. १९२४ पर्यंत तो लढा संपुष्टात आला. धरण झाले, भिरा येथील वीजकेंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. गिरणगावचे आकाश निवळले. मुळशीच्या शेतकऱ्याची जमीन गेली. उपाय चांगला असला, तरी त्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो हे न पाहिल्यास एका अन्यायाच्या जागी दुसरा अन्याय उभा राहतो. पुढे विजेची भूक त्याहूनही वाढली आणि १९५६ मध्ये ट्रॉम्बे येथे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. धुराडे पुन्हा आले. फक्त डिलाईल रोडवरून दूर गेले.

आता कारणांच्या वादाकडे वळू. १८९६ मध्ये, मुंबईत प्लेगने थैमान घातले त्याच वर्षी, स्वीडनचे स्वान्टे अर्‍हेनियस यांनी कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वीचे तापमान किती वाढेल याचे गणित मांडले. १९५८ पासून हवाई बेटांवरील मौना लोआ येथे त्याचे नियमित मोजमाप सुरू झाले. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. यंत्रयुगापूर्वी सुमारे २८० होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे.

यावर आक्षेप घेणारे म्हणतात की हवामान पूर्वीही बदलत होते, त्यामुळे आताचा बदल सूर्यामुळे कशावरून नसेल? आक्षेप प्रामाणिक असेल तर त्याला उत्तर दिलेच पाहिजे. सूर्य प्रखर झाला असता, तर वातावरणाचे खालचे आणि वरचे असे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचे तपांबर तापत आहे आणि वरचे स्थितांबर थंड होत आहे. उष्णता खालीच कोंडली जात असल्याची ही खूण आहे. शिवाय कोट्यवधी वर्षे जमिनीखाली पडून राहिलेल्या कोळशात किरणोत्सारी कार्बन उरलेला नसतो. हवेतील त्या कार्बनचे प्रमाण पातळ होत गेलेले आढळते, म्हणजे वाढलेला वायू जुन्या इंधनातून आला आहे. त्यामुळेच १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरशासकीय समितीने २०२१ च्या अहवालात मानवी कृतीने पृथ्वी तापली हे निर्विवाद असल्याचे नमूद केले.

मग दोष कोणाचा? १९९१ मध्ये अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी असा मुद्दा मांडला की गरिबाच्या चुलीचा धूर आणि श्रीमंताच्या चैनीचा धूर एकाच तागडीत तोलता येणार नाही. १९९२ च्या रिओ परिषदेत जबाबदारी सर्वांची, परंतु प्रत्येकाची वेगवेगळी, हे तत्त्व स्वीकारले गेले. आजही एका अमेरिकनाच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे चौदा टन कार्बन डायऑक्साइड येतो, तर एका भारतीयाच्या वाट्याला सुमारे दोन टन. आपल्या देशाचा हा युक्तिवाद न्याय्य आहे. तथापि तोच युक्तिवाद देशाच्या आतही लागू पडतो, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. आज नारायण मल्हार जोशी यांचे नाव लाभलेल्या डिलाईल रोडवर १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी आहेत. सुमारे १६० चौरस फुटांच्या खोलीत तेथे पिढ्या वाढल्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर काचेचे मनोरे आणि बाजारसंकुले उभी राहिली. बाहेर उष्णता फेकून आत गारवा करणारी त्यांची यंत्रे आणि चाळीतील छताचा एक पंखा, ही दोन्ही भारतीय सरासरीत एकच धरली जातात!

परिणामांचे ओझेही असेच विषम आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच दिवशी कुलाब्याला पाऊस शंभर मिलिमीटरही नव्हता. एका दिवसाचा पाऊस केवळ तापमानवाढीने झाला असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. बुजवलेली नदीपात्रे आणि तुंबलेले नालेही त्या अनर्थाला कारण होते. पण हवेचे तापमान एका अंशाने वाढले की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० पासून मध्य भारतावरील व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत आणि अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचा त्यात वाटा आहे.

दमट उष्म्याचा धोका तर गिरणगावाने फार पूर्वी जाणला होता. सुताचा धागा कोरड्या हवेत तुटतो, म्हणून साचेखात्यात मुद्दाम वाफ सोडीत. अशा हवेत घाम वाळत नाही, शरीर निवत नाही, आणि कामगार पाळी संपण्याआधीच थकून जाई. त्या वेळी खात्याबाहेर येऊन मोकळा श्वास घेता येत असे. आज सारा किनाराच साचेखात्यासारखा होऊ लागला आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावरील जाहीर सोहळ्यात उष्माघाताने दहाहून अधिक माणसे दगावली, हे आपण विसरू नये.

ख्रिस्तसभा या विषयावर उशिरा जागी झाली असे नाही. १ जानेवारी १९९० च्या शांतिदिन संदेशात पोप दुसरे जॉन पॉल यांनी हरितगृह परिणामाचा स्पष्ट उल्लेख करून पर्यावरणाचा प्रश्न हा नैतिक प्रश्न असल्याचे सांगितले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात धरतीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश यांना एकत्र जोडले आणि २०२३ मध्ये ‘लाउदाते देउम’ लिहून संशयवाद्यांनाही उत्तर दिले.

नीतिशास्त्रात एक जुना भेद आहे. अज्ञानाने घडलेल्या कृत्याचा दोष सौम्य होतो. परंतु सत्य कळल्यावर भरपाईचे कर्तव्य टळत नाही. १८५६ च्या दावरांना आपण अपराधी म्हणू शकत नाही, आणि बॉयलरवर कोळसा ओढणाऱ्या कामगाराला तर मुळीच नाही. आपली गोष्ट निराळी. आपल्याला सारे कळले आहे. एदेन बागेत विचारणा झाली तेव्हा पुरुषाने स्त्रीकडे बोट दाखवले, स्त्रीने सर्पाकडे. कारणांचा तो पहिला वाद. त्यात प्रत्येकाचे म्हणणे काही अंशी खरे होते आणि तरीही कोणी जबाबदारी घेतली नाही. जक्कयाने तसे केले नाही. तो हिशेबाला बसला आणि घेतलेले चौपट परत करण्यास तयार झाला.

आपल्या धर्मग्रामांनाही हिशेबाला बसता येईल. वीज कोठून येते आणि किती लागते हे प्रत्येक घराने एकदा तपासावे. सणासमारंभातील रोषणाई आणि वातानुकूलित थाट आवरता येईल. याहून महत्त्वाचे म्हणजे कडक उन्हाळ्यात दुपारच्या वेळी शाळेची किंवा चर्चची सभागृहे पत्र्याखाली राहणाऱ्या वृद्धांसाठी आणि रस्त्यावर राबणाऱ्यांसाठी, धर्म न विचारता, खुली ठेवता येतील. धरण असो, सौरप्रकल्प असो वा किनाऱ्यावरील भिंत असो, कोणत्याही नव्या उपायाचे स्वागत करण्यापूर्वी त्यासाठी कोण विस्थापित होणार, हा मुळशीचा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

डिलाईल रोडवरील धुराडी थंड झाली. त्यांनी हवेत सोडलेले मात्र आपल्या डोक्यावर अजून आहे. ते ऋण आहे. ज्यांनी त्याचा उपभोग घेतला त्यांनीच ते फेडावयाचे, की ते चाळीतल्या आणि शिवारातल्या माणसाकडून वसूल होऊ द्यावयाचे, एवढाच निर्णय आपल्या पिढीच्या हाती आहे.