वर्गणी आणि वाचन

'मासिकं फार आणि वेळ थोडा' हा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, यात इतिहास तो कसला? पण इथे बसलेल्या बहुतेकांच्या घरी, टीपॉयखाली किंवा उशाशी, न उघडलेले अंक पडून असणार. रद्दीवाल्याची हाक आली की ते मनाला टोचतात. हे टोचणं कुठून आलं ते आज पाहू.

ही तक्रार मासिकांच्याही आधीची आहे. पहिल्या शतकात, छापखान्याचा पत्ता नसताना, रोमन तत्त्वज्ञ सेनेका आपल्या लुसिलियस नावाच्या मित्राला बजावत होता की ग्रंथांची गर्दी मन विखुरते. मोजके लेखक घ्यावेत आणि त्यांच्यात मुरावं. पुढे छपाई आली आणि पुस्तकांचा पूर आला. मग ५ जानेवारी १६६५ रोजी पॅरिसमध्ये 'जुर्नाल दे सावां' निघालं. युरोपातलं पहिलं विद्वत्-नियतकालिक म्हणतात ते हेच. त्याचं एक मुख्य काम कोणतं? नवी पुस्तकं कुठली निघाली आणि त्यांत काय आहे, हे थोडक्यात सांगणं. म्हणजे गंमत पाहा, नियतकालिक आलं तेच मुळी वाचकाचं ओझं हलकं करायला!

पण नियतकालिकंच इतकी वाढली की त्यांचा सारांश देणारी नियतकालिकं काढावी लागली. १८३० मध्ये जर्मनीत औषधशास्त्रासाठी असं सारपत्र सुरू झालं. १८९० मध्ये लंडनला विल्यम स्टेड यांनी 'रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज' काढलं. मासिकांतलं निवडक सांगणारं मासिक. १९०७ मध्ये अमेरिकेत 'केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स' आलं, तर १९२२ मध्ये डेविट आणि लीला वॉलेस या दांपत्याचं 'रीडर्स डायजेस्ट'. आणि शेवटी डायजेस्टचे अंकसुद्धा त्याच ढिगात जाऊन पडले. आपल्या नैयायिकांनी याला अनवस्था म्हटलं असतं. एक आधार द्यायला दुसरा, दुसऱ्याला तिसरा. थांबायला जागाच नाही.

आता आपल्याकडे येऊ. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघालं. पुढे १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' जवळजवळ एकहाती लिहिली. ८४ अंक झाले. तो काळ टंचाईचा होता. अंक थोडे, वाचता येणारे त्याहून थोडे. पुण्यात १८४८ मध्ये सुरू झालेल्या, आज नगर वाचन मंदिर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेसारख्या ठिकाणी एक अंक अनेकांच्या हातांतून जायचा. 'केसरी' एकाने वाचायचा आणि चौघांनी ऐकायचा, ही रीत होती. अंक घरोघरी आला, खासगी झाला, आणि न वाचल्याची रुखरुखही खासगी झाली. 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. आज दर दिवाळीला शेकड्यांनी अंक निघतात. सगळे वाचणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

इथे आपल्या भाषेतला एक शब्द नीट पाहा: वर्गणी. मासिकाची भरतो ती वर्गणी, आणि गणपतीची देतो तीही वर्गणीच. गणपतीची वर्गणी देताना आपण प्रसादाचा हिशेब करत नाही. ती वस्तूची किंमत नसते, एका सामायिक कामातला आपला वाटा असतो. मासिकाच्या वर्गणीत किंमत आहे आणि वाटाही आहे. न उघडलेला अंक पाहून आपण म्हणतो, पैसे वाया गेले. पण त्यातला वाट्याचा भाग वाया गेलेला नसतो. 'सत्यकथे'ची प्रतिष्ठा केवढी! तरी १९८२ मध्ये ती बंद पडली. नुसत्या प्रतिष्ठेवर मासिक चालत नाही.

यावर कुणी विचारेल, मग पैसे भरावेत आणि वाचूच नये काय? नाही. नुसत्या वर्गणीदारांवर मासिक तगेल, पण त्यात लिहिणाऱ्याला वाचक हवा असतो, भांडणारा का होईना. माझं म्हणणं एवढंच की या दोन जबाबदाऱ्या वेगळ्या आहेत, त्यांचा हिशेबही वेगळा मांडावा. आठ मासिकं धरा. वर्षाला ९६ अंक. अंकाला दोन तास म्हटले तरी १९२ तास. दहा वर्षांचे जवळजवळ दोन हजार. पंचविशीत हा आकडा काही वाटत नाही. माझ्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्याने मात्र तो कागदावर लिहून पाहावा, कारण तेवढ्याच तासांत एखादा मोठा ग्रंथ पुन्हा वाचायचा राहिलेला असतो.

तेव्हा वर्गणी भरताना विचारा, हे मासिक बंद पडलं तर मराठीचं काही कमी होईल का? होईल असं वाटलं तर भरा. वाचताना मात्र दोन-तीनच निवडा, ती पहिल्या पानापासून वाचा आणि संपादकाला पत्र लिहा. उरलेले अंक रद्दीत घालण्याआधी, महिना उलटायच्या आत, शेजारच्या वाचनालयात किंवा ओळखीच्या विद्यार्थ्याकडे पोचवा. एक अंक चार हातांतून फिरण्याची आपली जुनी रीत त्यामुळे पुन्हा सुरू होईल.

मी इथे थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.