पित्ताचा खडा आणि पोटावरची चीर

मैत्रिणींनो, उमरठला घाव म्हटलं की तानाजी मालुसरे आठवतात. आज आम्ही बोलणार आहोत तो घाव आपल्या पोटावरचा आहे, आणि तो लहान कसा होत गेला त्याची ही गोष्ट आहे.

पित्ताच्या पिशवीत खडे होतात, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. खडा पिशवीत पडून असला तर पुष्कळदा जाणवतही नाही. पण तोच सरकून नळीत अडकला की पित्त आतड्यात उतरत नाही. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, अंगाला खाज सुटते. आपल्याकडे पिवळे डोळे दिसले की आधी काविळीचा पाला. पाल्यानं नळीतला खडा काही निघत नाही.

पित्ताची पिशवी पहिल्यांदा काढली ती 1882 साली, बर्लिनला, कार्ल लांगेनबुख यांनी. पुढे सुमारे शंभर वर्षं रीत तीच. उजव्या बरगडीखाली वीतभर चीर, आणि नळी उघडावी लागली तर इंग्रजी टी अक्षरासारखी रबरी नळी काही दिवस पोटातून बाहेर काढलेली. नंतर कित्येक आठवडे ओझं उचलायचं नाही. भातलावणीच्या तोंडावर हे कोणाला परवडणार? बायका दुखणं अंगावर काढायच्या. आम्ही तरी त्यांना दोष देणार नाही.

1974 मध्ये जर्मनी आणि जपानच्या डॉक्टरांनी वेगवेगळं तेच साधलं. दुर्बीण तोंडातून आतड्यापर्यंत न्यायची, पित्तनळीचं तोंड जरासं कापायचं आणि खडा तिथूनच काढायचा. पोटावर चीरच नाही! 1985 मध्ये एरिख म्यूहे यांनी पोटाला छोटी छिद्रं पाडून पिशवी काढली, तेव्हा जर्मनीतल्याच सर्जनांनी त्यांची टर उडवली.

आपल्याकडे ही दुर्बीण भायखळ्याच्या सरकारी जेजे हॉस्पिटलात आली. डॉ. तेहेमटन उडवाडिया 1972 पासून तिथं दुर्बिणीतून पोट तपासत होते. 1990 मध्ये त्यांनी तिच्यातून पित्ताची पिशवी काढली, भारतात पहिल्यांदाच. महागडं यंत्र गरिबाच्या काय कामाचं, ही शंका तेव्हा होतीच. उडवाडियांचं म्हणणं उलट होतं: ज्याचं हातावर पोट, त्यालाच लवकर उठून कामाला लागायची गरज जास्त.

आता बहुतेक ठिकाणी आधी तोंडातून दुर्बीण घालून नळीतला खडा काढतात, मग छिद्रांतून पिशवी. काही ठिकाणी दोन्ही एकाच वेळी. खडा आहे का, ते बहुधा सोनोग्राफीत कळतं.

आणि बरगडीखाली कळ, थंडी वाजून ताप, पिवळे डोळे अशी तिन्ही एकदम दिसली तर सकाळच्या एसटीची वाट बघू नका. रात्रीच 108 ला फोन करा.