पुसलेली राणी : निजामशाही दरबारातलं एक हस्तलिखित

राजसत्ता आणि तिची कला यांचं नातं आपण या मालेत पाहत आलो आहोत. इजिप्त झाला, रोम झाला, इराण झाला. आज लांब जायचं नाही. आज अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर.

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली वास्तू दिसते. तिला सगळे चांदबीबीचा महाल म्हणतात. खरं तर ती सलाबतखान दुसरा याची कबर आहे. हा सलाबतखान मुर्तजा निजामशहाचा वजीर. चांदबीबीचा त्या इमारतीशी काही संबंध नाही. पण १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यात तिनं नगरचा किल्ला लढवला, हे लोक विसरले नाहीत आणि त्यांनी तिचं नाव डोंगरावर नेऊन ठेवलं. मुलीला अशी न मागता इमारत मिळाली. तिच्या आईच्या वाट्याला जे आलं ते बरोबर उलटं आहे. आजचा विषय ती आई. नाव खुंजा हुमायून.

आधी थोडी पार्श्वभूमी. मलिक अहमद १४९० मध्ये बहमनींपासून वेगळा झाला आणि १४९४ च्या सुमारास त्यानं हे शहर वसवायला घेतलं. एक गोष्ट लक्षात ठेवा, हे राज्य एका भाषेचं कधीच नव्हतं. अगदी सुरुवातीच्या काळातच निजामशहाचा एक अधिकारी, दलपतिराज, ‘नृसिंहप्रसाद’ नावाचा धर्मशास्त्राचा बारा भागांचा ग्रंथ संस्कृतात लिहितो. श्राद्ध, व्रत, दान, तीर्थ, न्यायव्यवहार, सगळं त्यात आहे. सुलतानाच्या नोकरीत राहून! पुढे श्रीगोंद्यात शेख महंमद मराठीत ‘योगसंग्राम’ लिहितात आणि वारकऱ्यांच्या संतमाळेत जाऊन बसतात. म्हणजे धर्मशास्त्र संस्कृतात, भक्ती मराठीत. आणि दरबार फारसीत.

दरबाराचा फारसी रंग गडद व्हायला एक माणूस कारण झाला. शाह ताहिर. इराणातून जीव वाचवून आलेला हा विद्वान बुऱ्हाण निजामशहाच्या मर्जीत बसला आणि १५३७ मध्ये बुऱ्हाणनं शिया पंथ राज्याचा पंथ म्हणून जाहीर केला. शहरात त्यावरून दंगाही झाला. बारा इमाम कोटला ही त्याच काळातली वास्तू. पंथ बदलला तशी इराणच्या सफवी दरबाराशी जवळीक वाढली. विद्वान, कवी यांची ये-जा वाढली. आणि या वातावरणातून आपलं हस्तलिखित येतं.

बुऱ्हाणचा मुलगा हुसेन. विजयनगरच्या रामरायाविरुद्ध दख्खनचे सुलतान एकत्र आले त्यात हा आघाडीवर. एरवी हे लोक आपसातच भांडायचे. त्यांना बांधलं ते सोयरिकींनी. हुसेनची मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला. अलीची बहीण नगरच्या घरात सून म्हणून आली. २३ जानेवारी १५६५ ला तालिकोटची लढाई झाली, रामराया मारला गेला आणि काही महिन्यांतच हुसेनही वारला.

या विजयाचं गुणगान करणारं फारसी काव्य म्हणजे ‘तारीफ-ए-हुसेनशाही’. कवी आफताबी. प्रशस्तीकाव्य आहे, तेव्हा इतिहास म्हणून ते जपूनच वाचावं लागतं. पण त्यातली चित्रं! आज बारा उरली आहेत. दख्खनी चित्रकलेचा इतका जुना पुरावा फारच थोडा आहे. रामरायाचा शिरच्छेद चालला आहे आणि हुसेन घोड्यावरून पाहतो आहे, असं एक चित्र त्यात आहे. उंच क्षितिज, सोनेरी आकाश, ही इराणची रीत. बायकांचे पोशाख मात्र इथल्या मातीचे.

आणि या चित्रांत राणी होती. एकदा नव्हे, अनेकदा. सिंहासनावर, राजाच्या शेजारी. मुसलमानी दरबारातल्या त्या काळच्या चित्रात राजाच्या बरोबरीनं राणी बसलेली दाखवणं ही साधी गोष्ट नाही. दरबार सांगतो आहे की राज्य या दोघांचं आहे. काव्यातही राणीचं कौतुक आहे.

मग काय झालं? हुसेन गेला तेव्हा मुर्तजा लहान होता. कारभार आईनं हाती घेतला आणि जवळपास चार वर्षं राज्य चालवलं. ती दरबारात बसे, मोहिमांवर जाई. फिरिश्ता सांगतो की तिनं भावांना जहागिऱ्या आणि मोठी पदं दिली आणि सरदार बिथरले. त्यांनी मुर्तजाला फितवलं. पहिला कट फसला, तोही कसा बघा: आईनं बोलावणं धाडलं, पोराला वाटलं हिला सगळं कळलं, आणि भीतीपोटी त्यानंच सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या खेपेला, १५६९ च्या सुमारास, राणी कैदेत गेली.

आणि चित्रांतून तिची आकृती गेली. जिथं ती बसली होती तिथं पुसट डाग आहे किंवा वर रंग चढवलेला आहे. राजा तसाच बसलेला, दासी तशाच उभ्या, मधली बाई नाही. हे तिच्या पाडावानंतर मुद्दाम केलं गेलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात आणि मलाही दुसरं कारण पटत नाही. नुसत्या सोवळेपणानं केलं असतं तर दासी राहिल्या नसत्या.

आपण हे पूर्वी पाहिलं आहे, आठवतंय? रोमचा सम्राट काराकाला यानं भाऊ गेटा याला मारलं, आणि कुटुंबाच्या रंगवलेल्या चित्रात गेटाच्या चेहऱ्याच्या जागी आज खरवडलेला गोल आहे. इजिप्तमध्ये हातशेपसुत लहान सावत्र मुलाच्या नावानं कारभार करता करता स्वतःच फॅरो झाली. त्याच मुलानं, तिसऱ्या थुटमोसनं, उतारवयात तिची शिल्पं छिलून काढायला लावली. आमचा मुर्तजा त्या मानानं घाईचा. अर्थात एक फरक आहे. हातशेपसुतनं मुकुट घेतला होता. खुंजा हुमायूननं घेतला नव्हता, ती मुलाच्याच नावानं राज्य करत होती.

फिरिश्त्याचा शब्द किती धरायचा, असं कुणी विचारेल. तो लहानपणी नगरला आला, याच दरबारात वाढला, पण ग्रंथ लिहिला विजापुरात. त्याला निजामशहांची भीड नव्हती. म्हणून तो बिनधास्त लिहितो की हे घराणं मूळचं पाथरीच्या एका ब्राह्मणाचं. उलट नगरच्या दरबारात बसून ‘बुऱ्हान-ए-मआसिर’ लिहिणारा तबातबा मलिक अहमदाला थेट बहमनी सुलतानाचा मुलगा ठरवतो. दोघेही इराणी, दोघांसमोर एकच राज्य, फक्त पगार देणारा वेगळा. राणीबद्दल फिरिश्ताही दरबारी सरदारांच्याच बाजूनं बोलतो, हे मात्र विसरू नका. भावांना पदं देणं हा त्या काळी कुठल्या राजाचा गुन्हा होता?

तिची मुलगी विजापुरात विधवा झाल्यावर पुतण्याच्या नावानं तेच करते, कारभार सांभाळते. तिलाही काही काळ साताऱ्याच्या किल्ल्यात कैद भोगावी लागते. पुढे ती नगरला येऊन किल्ला लढवते आणि १६०० मध्ये स्वतःच्याच लोकांकडून मारली जाते. चांदबीबी आभाळातून पडली नव्हती. आईला राज्य करताना पाहिलेली मुलगी होती ती.

बारांपैकी एका चित्रात तरुणी झाडाला स्पर्श करते आणि झाड फुलतं. संस्कृत काव्यातला हा दोहदाचा संकेत, फारसी पोथीत, शिया सुलतानाच्या दरबारात. ती तरुणी म्हणजे राणीच, असं काही अभ्यासक म्हणतात. तिला कुणी हात लावलेला नाही. पोथी पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. ग. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी संपादित केलेली आवृत्ती मंडळानं १९८७ मध्ये काढली. मिळाली तर जरूर पाहा. आता प्रश्न घेऊ.