शास्त्रार्थाचा अधिकार

इसवी सन २०२० च्या जानेवारीत धाराशिव येथे, ज्याचे नाव सरकारी दफ्तरात त्या वेळी उस्मानाबाद असे होते त्या गावी, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे त्र्याण्णवावे अधिवेशन भरले, तेव्हा संमेलननगरीला संत गोरोबा काकांचे नाव दिलेले होते आणि अध्यक्षपद वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांजकडे होते. निवड जाहीर होताच काही संघटनांनी तीस विरोध केला, अनेक साहित्यिकांनी त्या विरोधाचा प्रतिवाद केला, आणि या साऱ्या वादात ख्रिस्ती धर्म म्हणजे एकाच साच्यातून काढलेली एक अखंड वस्तू असावी असा समज बहुधा गृहीत धरलेला होता. वस्तुस्थिती अशी की, दिब्रिटो यांनी ज्या ग्रंथाचे 'सुबोध बायबल' हे मराठी रूप २०१० मध्ये वाचकांच्या हाती दिले, त्या ग्रंथात पुस्तके किती यावरसुद्धा ख्रिस्ती जगाचे एकमत नाही. कॅथलिक त्र्याहत्तर मानतात, प्रॉटेस्टंट सहासष्ट मानतात. ग्रंथाच्या सीमेविषयीच जेथे मतभेद, तेथे त्याच्या अर्थाविषयी किती असतील याची कल्पना करता येते. आणि या मतभेदांत मराठी माणसांनी जो भाग घेतला तो इतका स्वतंत्र बुद्धीचा आहे की, तो आपल्या वैचारिक इतिहासातून वगळला जावा याचे मला मनापासून दुःख वाटते.

संमेलननगरीला ज्यांचे नाव दिले होते त्या गोरोबांचे गाव तेर याच जिल्ह्यात, तेरणेच्या काठी आहे. महिपतीने 'भक्तविजया'त सांगितलेली तेथील कथा सर्वांना ठाऊक आहे. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली असता मुक्ताबाईने कोपऱ्यातले थापटणे पाहून हे काय म्हणून विचारले, याने मडके कच्चे की पक्के ते कळते असे उत्तर मिळताच मग ही मडकी तपासा असे ती म्हणाली, आणि काका एकेकाच्या मस्तकावर ते थापटणे मारीत चालले. सर्वांनी ते निमूट सोसले. एकटे नामदेव रागावले, आणि प्रत्यक्ष विठ्ठल ज्याच्याशी बोलतो तो भक्त कच्चा ठरला, कारण त्याने गुरू केलेला नव्हता. विसोबा खेचरांकडे गेल्यावर त्यांचे ते न्यून भरून निघाले. या कथेत एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. देवाशी ज्याचा साक्षात संबंध आहे त्यालाही परंपरेची मुद्रा हवी काय, आणि ती मुद्रा उमटविण्याचा अधिकार कोणाचा? मराठी ख्रिस्त्यांत शास्त्राच्या अर्थावरून जे तट पडले, त्यांच्या मुळाशी मला हाच प्रश्न दिसतो.

धाराशिवचा मुलूख या बाबतीत सरहद्दीचा. १८५३ च्या तहाने नळदुर्ग जिल्हा निजामाकडून इंग्रजांकडे गेला, कर्नल मेडोज टेलर तेथील कारभार पाहू लागला, आणि १८६० मध्ये तो मुलूख पुन्हा निजामाच्या अमलाखाली आला; पुढे १९०४ मध्ये जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गाहून धाराशिवास हलले. पश्चिमेस लागून असलेल्या सोलापूर भागात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८६० नंतर लवकरच पडले. हे मिशन काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे प्रत्येक गावची मंडळी आपला कारभार आपण पाहील, तिच्यावर बिशपची हुकमत नाही, असे मानणारे होते. वायव्येस अहमदनगराकडे त्याच मिशनचे जुने क्षेत्र असताना इंग्लंडच्या चर्चचे मिशन तेथे आले, जर्मन येशूसंघी धर्मगुरू आले, आणि पूर्वेकडे बिदर भागात मेथडिस्टांनी काम मांडले. दुष्काळाने गांजलेल्या, बहुतांशी महार व मांग समाजांतील माणसांना आपण कोणत्या मंडळीत जावे हे ठरविताना मुलांना बाप्तिस्मा द्यावा की न द्यावा, बिशपाच्या हातून दीक्षा घेतल्याविना पाळक खरा पाळक होतो की नाही, असले युरोपात शेकडो वर्षे पेटलेले प्रश्न आपल्या वेशीत आलेले दिसले. त्यांनी त्यांवर ग्रंथ लिहिले नाहीत. लिहिणारे दुसरे होते, आणि त्यांत तीन व्यक्ती मला विशेष महत्त्वाच्या वाटतात.

पहिले नीलकंठशास्त्री गोरे. कोकणस्थ घराण्यातील, काशीत वाढलेले हे पंडित. जॉन म्यूर याने 'मतपरीक्षा' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून हिंदुमताचे खंडन केले तेव्हा त्याला संस्कृतातच 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून ज्यांनी उत्तर दिले, त्यांत हे होते. आणि त्यानंतर चारपाच वर्षांतच, १८४८ मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या हे नाव धारण केले. शास्त्रीबुवांचे मन श्रुतीवर आणि संप्रदायावर घडलेले होते, आणि ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी ती घडण सोडली नाही. ज्याने त्याने आपल्या बुद्धीने वचनाचा अर्थ लावू म्हटल्यास अर्थ एक राहत नाही, म्हणून आद्य चर्चपासून चालत आलेली परंपराच शास्त्राची प्रमाण भाष्यकार होय, या विचाराने ते इंग्लंडच्या चर्चमधील कॅथलिक वळणाच्या पक्षाकडे ओढले गेले. प्रार्थना समाजिस्टांशी आणि ब्राह्मो मंडळींशी त्यांनी जो वाद केला त्याचा रोखही हाच, की ईश्वराने प्रकट केलेले वचन मान्य केल्यावाचून निव्वळ तर्काने उभारलेला धर्म टिकत नाही.

या गोरेशास्त्र्यांच्या लेखनाने जिचे मन ख्रिस्ती मताकडे वळले त्या पंडिता रमाबाई त्यांच्या अगदी उलट बाजूस उभ्या राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे इंग्लंडच्या चर्चमध्ये त्यांचा आणि त्यांची लहान मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. आणि त्यानंतरच्या दोनतीन वर्षांत वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन, चेल्टनहॅम विद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील आणि इतर यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. परदेशात, पराश्रयाने राहणारी, वयाची तिशीही न गाठलेली विधवा आपल्या आश्रयदात्यांना निक्षून सांगते की, त्रैक्याचा सिद्धांत अथनेशियसच्या मतांगीकारात ज्या शब्दांत मांडला आहे तसा तो मला नव्या करारात दिसत नाही, आणि जे शास्त्रात दिसत नाही ते केवळ धर्माधिकारी सांगतात म्हणून मी पत्करणार नाही. मायदेशी पुरोहितवर्गाचे जोखड ज्याने नुकतेच झुगारले त्याने दुसऱ्या पुरोहितांचे जोखड का घ्यावे, असा त्यांचा सवाल होता. त्यांना मिळालेल्या क्रुसावरील अक्षरे लॅटिन असावीत की संस्कृत, यावरही वाद झाला. लॅटिनमध्ये आपल्या संस्कृताहून अधिक पावित्र्य कोठून आले, हे बाईंनी विचारले. सिस्टर जेराल्डीनला यात अहंकार दिसला. मला त्यात शास्त्रार्थाच्या सभेत वाढलेल्या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्येची प्रमाण मागण्याची सवय दिसते, आणि ती सवय निर्मळ होती असे मी निःशंकपणे म्हणतो.

पुढे इंग्लंडअमेरिकेत इतके पंथ पाहून आपण किती भांबावलो, हे बाईंनी स्वतःच्या आत्मनिवेदनात मोकळेपणी लिहिले आहे. १८९१ च्या सुमारास त्यांच्या श्रद्धेला निराळे वळण लागले, ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयीच्या जुन्या शंका मावळल्या. परंतु अर्थनिर्णयाचा अधिकार त्यांनी कोणाच्याही स्वाधीन केला नाही. उलट तो वापरण्यासाठी त्यांनी जन्मभराचे सर्वांत कष्टाचे काम अंगावर घेतले. केडगावच्या मुक्तिसदनात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल त्यांनी एकटीने मराठीत आणले, तेही शास्त्रीपंडितांच्या भाषेत न आणता, सदनातील अल्पशिक्षित बायांना वाचता यावे अशा भाषेत. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम सदनातील मुलींनीच केले. जिने लहानपणी पुराणे मुखोद्गत केली आणि कलकत्त्याच्या पंडितांकडून 'सरस्वती' ही पदवी मिळविली, तिने संस्कृतप्रचुर भाषेचा त्याग केला यामागे एक धर्मसिद्धांतच होता. वाचणाऱ्या प्रत्येकीला स्वतः अर्थ कळला पाहिजे, मध्यस्थ नको. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई वारल्या आणि तो ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

तिसरे नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि नंतरची वीसेक वर्षे बहुतांशी अहमदनगरास शिकविण्यात, 'ज्ञानोदय' या नियतकालिकात लिहिण्यात आणि भजने रचण्यात घालविली. परंपरेचे प्रामाण्य आणि व्यक्तीची बुद्धी या दोहोंहून वेगळे असे तिसरे प्रमाण त्यांनी मानले, ते म्हणजे भक्तीचा अनुभव. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. मिशनऱ्यांच्या दृष्टीने ही भाषा धाडसाची होती, कारण तिचा सरळ अर्थ असा होतो की, या भूमीतील संतवाणी हीसुद्धा एका परीने जुना करारच आहे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि 'देवाचा दरबार' स्थापिला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यावेत अशी योजना होती. बाप्तिस्म्याशिवाय शिष्यत्व संभवते काय, ही शंका उघड होती, आणि ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तल्याने तिची तड लागली नाही. तथापि विरोधी म्हणाव्या अशा बाजूनेही त्यांच्या दृष्टीला पुष्टी मिळाली. त्याच अमेरिकन मिशनचे जस्टिन अॅबट यांनी आपल्या उत्तर आयुष्यात महिपतीचा 'भक्तविजय' पंडित नरहर गोडबोले यांच्या साहाय्याने इंग्रजीत आणला, आणि तेरच्या थापटण्याची कथा मिशनऱ्यांच्याच हस्ते परदेशी वाचकांपर्यंत गेली.

पंथापंथांनी एकत्र यावे ही ओढ पुढील पिढीत वाढली. बरीच वर्षे वाटाघाटी होऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली. अँग्लिकन, काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन वारशाच्या मंडळ्या, बॅप्टिस्ट आणि आणखी काही पंथ तीत सामील झाले. ज्यांनी बिशप कधीच मानला नाही त्यांनी बिशप स्वीकारला, आणि ज्यांना बिशपविना चर्चची कल्पनाच करवत नव्हती त्यांनी मंडळीच्या पंचांना कारभारात वाटा दिला. अमेरिकन वंशाचे मेथडिस्ट अखेरच्या घटकेस बाहेर राहिले, म्हणून बिदरकडील मेथडिस्ट मंडळी आणि सोलापूरकडील जुनी अमेरिकन मंडळी यांच्यामध्ये धाराशिवच्या बाजूची ती सीमा कायम राहिली. बाप्तिस्म्याविषयी मात्र या चर्चने दोन्ही रीती मान्य केल्या. अर्भकाला बाप्तिस्मा देणारे आईबाप आणि जाणत्या वयात स्वतः विश्वास प्रकट करून पाण्यात उतरणारा तरुण, दोघेही एकाच मंडळीचे सभासद ठरले. शैशवात बाप्तिस्मा झालेला माणूस मोठेपणी पुन्हा तो मागू लागला तर काय करावे, हा मात्र कठीण प्रश्न उरला, आणि तो पाळकाच्या व बिशपाच्या विवेकावर सोपविण्यात आला.